चिप बदलायच्या आधी इंजिन उलटं करून बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या छोट्या रेल्वेवर अख्खं पान आलं होतं, फोटो झकास, आणि कोल्हापुरातही हा नाद असलेली माणसं आहेत हे कुणीतरी छापलं याचं बरं वाटलं. पण खाली चौकटीत एक सल्ला होता, "जुन्या इंजिनात नवी मोटर आणि डिजिटल चिप टाका, गाडी एकदम स्मूथ चालते, तरी झटके आलेच तर चिपचं सेटिंग बदला." पहिलं अर्धं ठीक आहे हो, पण दुसरं अर्धं वाचून डोक्याला हात लावला, कारण नेमकं हेच ऐकून आमच्या ओळखीच्या काही जणांनी चांगल्या चिपा काढून टाकल्यात नाहीतर रात्र-रात्र आकडे बदलत बसलेत आणि इंजिन आपलं आहे तिथंच, दोन बोटं सरळ जातंय की ठेच, परत दोन बोटं की ठेच. म्हणून हे पत्र. लांब झालंय, कापायचं तर कापा, पण मधला चाकाचा भाग तेवढा ठेवा.

मी उद्यमनगरात आधी लेथवर आणि नंतर इन्स्पेक्शनला नोकरी केलेला माणूस, त्यामुळं गिअर-बेअरिंग मला आधी कळलं, डिकोडर, म्हणजे तीच डिजिटल चिप, फार उशिरा. शॉपवरची सवय अशी की मशीन कुरकुरायला लागलं की पहिला बेल्ट काढायचा, मोटर एकटी चालवून बघायची, मग पुढचं. छोट्या इंजिनालाही हेच लागू पडतं, फक्त चष्मा लागतो.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इथं मी सगळं एचओ स्केलचं बोलतोय, म्हणजे खऱ्या गाडीच्या १:८७, दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. जुन्या पद्धतीत रुळातच कमी-जास्त व्होल्टेज सोडायचं, जास्तीत जास्त १२ व्होल्ट डीसी, जेवढं सोडाल तेवढी गाडी पळणार. नव्या डीसीसी पद्धतीत रुळात कायम पूर्ण व्होल्टेज असतं, हुकूम पण त्याच रुळातून जातो, आणि इंजिनाच्या पोटातला डिकोडर तो हुकूम वाचून मोटरला किती द्यायचं ते ठरवतो. अपग्रेड म्हणजे बहुतेक वेळा एवढंच, जुनी तीन पोलची (फिरणाऱ्या भागावर वायर गुंडाळलेले तीन दात असलेली) मोटर काढून पाच पोलची नाहीतर कोअरलेस, म्हणजे फिरणाऱ्या भागात लोखंडी गाभा नसलेली, घालायची आणि डिकोडर बसवायचा. काही जण मोटर तीच ठेवून आतलं जुनं मॅग्नेट काढून निओडिमियमचं घालतात, स्वस्तात काम होतं.

आता मुद्दा. अपग्रेडनंतर दिसणारा झटका बऱ्याच वेळा आधीपासूनच तिथं असतो, जुन्या मोटरनं तो पोटात घातलेला असतो. जुन्या मोटरच्या शाफ्टला दोन्ही बाजूंना पितळेची जड फ्लायव्हील असायची, गिअरमध्ये कुठं अडलं तरी फिरत्या वजनाच्या जोरावर ती पार होऊन जायची. नवी मोटर लहान, तिला ती फ्लायव्हील बसत नाहीत म्हणून लोक काढून डब्यात ठेवतात, आणि कोअरलेसचा फिरणारा भाग तर अगदीच हलका, म्हणजे अडलं की लगेच अडलं. मग दोष कुणाला, तर नव्या चिपला! सायकलचं चाक आऊट असताना ब्रेकचं रबर बदलत बसायचा हा प्रकार आहे.

म्हणून कुठल्याही सेटिंगला हात लावायच्या आधी एकच गोष्ट बघायची, हा झटका कशाला बांधलेला आहे. जागेला, चाकाला की वेळेला. एवढं कळलं की अर्धं काम झालं.

जागेचं सोपं आहे. गाडी गोल फिरवा, प्रत्येक फेरीला त्याच वळणावर नाहीतर त्याच पॉइंटवर, म्हणजे एका रुळाचे दोन होतात तिथं, मंदावत असेल तर इंजिनाला हात लावू नका, रूळ बघा. रूळ जोडणाऱ्या फिशप्लेट ढिल्या झालेल्या असतात, सांध्यात काळपट थर असतो, कंट्रोलरच्या दोन वायरी एकाच ठिकाणी जोडलेल्या आणि पलीकडच्या टोकापर्यंत करंट सगळ्या सांध्यांतून ओढत जातोय, मग तिकडं गाडी दमणारच. हे मीटरनं बघताना लोक चुकतात, नुसता मीटर लावला की सगळीकडं बारा व्होल्टच दिसतात कारण काही ओढलंच जात नाही. मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब आणा, त्याला दोन वायरी लावा, तो रुळावर पेटता ठेवून शेजारी मीटर लावा, मग कुठल्या सांध्यानंतर व्होल्टेज पडतंय ते उघडं दिसतं. डीसीसीवर साध्या मीटरचा आकडा खरा येत नाही पण या टोकाची आणि त्या टोकाची तुलना होते, तेवढ्यावर भागतं. दर तीन-चार फुटांवर खालून वायर द्या, विषय संपला. आणि रूळ पॉलिश पेपरनं घासू नका, ओरखड्यात घाण जास्त बसते. कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. आपल्याकडं पावसाळ्यात चार महिने हवा ओलीच असते, तेव्हा जरा जास्त वेळा पुसावं लागतं, एवढंच.

एकच जादा गोष्ट. इंजिनाच्या काही चाकांना पकडीसाठी रबराचे टायर असतात, त्या चाकांतून करंट घेता येत नाही, आणि पॉइंटच्या मधला प्लॅस्टिकचा भाग आला की उरलेल्या चाकांवर सगळा भार. तिथं ठेच लागली तर चाकाला टेकणाऱ्या पितळी पट्ट्या सरळ करा, काळ्या पडल्या असतील तर पुसा.

आता चाकाचं, आणि हे नीट वाचा. शाहूपुरीतल्या एका मित्राकडं डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाचं मॉडेल आहे. ज्यांनी मिरज-कोल्हापूर लाइनवर अल्कोचा (या इंजिनाच्या मूळ अमेरिकन कंपनीच्या नावानंच सगळे त्याला ओळखतात) धूर बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको, १९६२ पासून आधी अमेरिकेतून आलेली आणि नंतर वाराणसीला बनलेली ती २६०० हॉर्सपॉवरची इंजिनं, सकाळी महालक्ष्मी घेऊन यायची तेव्हा आवाज लांबून कळायचा. आता तारा आल्या, वंदे भारत आली, पण टेबलावर अजून अल्कोच पाहिजे सगळ्यांना. तर या मित्रानं त्यात कोअरलेस मोटर आणि नवा डिकोडर बसवला आणि स्लो स्पीडला इंजिन लंगडायला लागलं. दुकानदार फोनवर म्हणाला डिकोडर खराब असणार, दुसरा घ्या. मी म्हटलं थांब भावा, आधी फूटपट्टी आण.

खऱ्या डब्ल्यूडीएम-२ चं चाक १०९२ मिलिमीटरचं. ८७ नं भागलं की साडेबारा मिलिमीटर, म्हणजे चाकाचा एक पूर्ण फेरा झाला की इंजिन जवळजवळ ३९ मिलिमीटर पुढं गेलं. आम्ही रुळाशेजारी पट्टी ठेवली, इंजिन अगदी मुंगीच्या पावलानं सोडलं आणि जिथं जिथं ठेच लागते तिथं पेन्सिलनं खूण केली. खुणा आल्या चार-चार सेंटिमीटरवर, जरा इकडं-तिकडं. म्हणजे ठेच चाकाच्या फेऱ्याला एकदा. तिथंच डिकोडर सुटला, कारण डिकोडरला चाक कुठं फिरलंय ते कळतच नाही, तो चाकाच्या फेऱ्याशी ताल कसा धरेल? वर्मचा, म्हणजे मोटरच्या बाजूनं गिअर फिरवणाऱ्या स्क्रूसारख्या दांड्याचा, दोष असता तर एका फेऱ्यात दहा-पंधरा वेळा हिसका बसला असता, खुणा तीन-चार मिलिमीटरवर आल्या असत्या, खरं तर खुणा करताच आल्या नसत्या, नुसती घरघर ऐकू आली असती.

मग इंजिन स्पंजवर उलटं ठेवलं, बोगीच्या खालची पट्टी काढली आणि एकेक एक्सल बाहेर काढत इंजिन चालवून बघितलं. सहा एक्सल आहेत, पुढच्या बोगीचा मधला काढला की ठेच गायब. तो एक्सल भिंगाखाली धरला. यात लोखंडी एक्सल अखंड नसतो, दोन अर्धे तुकडे मधल्या प्लॅस्टिक गिअरच्या नळीत दोन्हीकडून दाबून बसवलेले असतात, म्हणजे डाव्या-उजव्या चाकाचा करंट एकमेकांना भेटत नाही. दाबून बसवलेलं प्लॅस्टिक वर्षानुवर्षं ताणाखाली राहतं आणि एक दिवस तडकतं, आणि तडा जातो दोन दातांच्या बरोबर मधे कारण तिथंच ते सगळ्यात पातळ. केसाएवढी रेघ होती. पण त्या रेघेनं ते दोन दात एकमेकांपासून जरासे लांब गेलेले, शेजारचा गिअर तिथं आला की त्याचा दात खाचेत बसायच्या ऐवजी चढतो, तीच ठेच. नख लावून वाकवलं की रेघ उघडायची. शिवाय नळी ढिली झाल्यावर चाकंही बाहेर सरकलेली, दोन चाकांच्या आतल्या बाजूचं अंतर साडेचौदा मिलिमीटरच्या आसपास पाहिजे, ते कॅलिपरला वाढलेलं दिसलं, म्हणूनच पॉइंटवर ते अधूनमधून उडी पण मारायचं.

नवे गिअर मागवले. ते घालायच्या आधी एक्सलचे दोन्ही तुकडे आमच्या ओळखीच्या टर्नरकडं नेले, बारीक एमरीनं अगदी हलका हात मारून घेतला, नाहीतर नवा गिअरही तेवढाच ताणून बसणार आणि काही वर्षांनी तडकणार. टर्नर हसला, आमच्याकडं ट्रॅक्टरचे गिअर येतात आणि तुम्ही हे काय आणलंय म्हणाला, पण दोन मिनिटांत काम करून दिलं आणि पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. डिकोडर तोच आहे. एकही आकडा बदलला नाही.

याच्यावरून सगळ्यांनी आपापल्या इंजिनाचे गिअर उपसावेत असं नाही म्हणत मी. मोटर नवी बसवताना लाइनमध्ये बसली नसेल, म्हणजे मोटरचा शाफ्ट खाली-वर आणि मोटर आणि वर्म जोडणारा मधला कार्डन जॉइंट वाकडा, तर तिथूनही थरथर येते. डबल टेपवर मोटर चिकटवली असेल तर लोड आला की ती मान हलवते, वर्मची पकड बदलते आणि स्पीड वर-खाली. हे बघायला डिकोडर काढून ठेवायचा, मोटरच्या दोन टर्मिनलला सरळ नऊ व्होल्टची बॅटरी लावायची. आधी वर्मशिवाय नुसती मोटर, मग मोटर आणि वर्म दोन्ही काढून नुसती बोगी हातानं ढकलून, मग दोन्ही एकत्र. मधे अँमीटर घाला, आणि शक्यतो जुना काट्याचा, डिजिटलमध्ये आकडे नाचतात, काही समजत नाही. काटा एका जागी थांबला तर फिरणं एकसारखं, काटा ठराविक तालात उठत असेल तर प्रत्येक उठण्याला कुठंतरी काहीतरी घासतंय. वाफेच्या इंजिनवाल्यांनी चाकांचा कोन पण बघावा, डावी आणि उजवी बाजू ९० अंशात पाहिजे, थोडी जरी सरकली तरी दांडे अडतात.

उतारावरची हिसकाहिसकी वेगळी असते. मिरज-कोल्हापूर लाइनला घाट नाही पण आमच्या प्रत्येकाच्या टेबलावर एक घाट असतोच. चढाला इंजिन बरोबर आणि उताराला धक्के खात उतरतंय असं असेल तर वर्मला लांबीत जास्त प्ले, म्हणजे मोकळी फट, आहे, मागचे डबे ढकलतात तेव्हा वर्म पुढं-मागं पळतो. बारीक शिम वॉशर घालून प्ले मारा, पण पार घट्ट करू नका, कागदाएवढी फट राहिली पाहिजे.

वेळेला बांधलेला झटका मात्र खरंच इलेक्ट्रिकल असू शकतो, तिथं मी भांडणार नाही. पाच-दहा मिनिटं छान चालतं, मग अचानक थांबतं, थोड्या वेळानं आपोआप परत चालतं, म्हणजे डिकोडर तापून बंद होतोय. एचओचा साधा डिकोडर साधारण एक अँपिअरचा असतो आणि जुनी उघडी मोटर अडली की त्याच्यापेक्षा जास्त ओढू शकते. डिकोडर घ्यायच्या आधी चाकं क्षणभर हातानं धरून बारा व्होल्टला मोटर किती ओढते ते मोजायचं, हे चौकटीत यायला पाहिजे होतं. आणि त्याहून महत्त्वाचं, जुन्या इंजिनात मोटरचा एक ब्रश बॉडीला म्हणजे एका रुळाला जोडलेला असायचा, तो पूर्ण तोडल्याशिवाय डिकोडर लावला तर पहिल्याच स्टार्टला धूर. मीटर कंटिन्युइटीवर ठेवून ब्रश आणि चाक यांच्यात बीप येत नाही ना एवढं बघा.

उलट गार असताना जड आणि तापल्यावर बरं, असं असेल तर ग्रीस वाळलंय. जुनं सगळं धुवून काढा आणि प्लॅस्टिकला चालणारं अगदी थोडं घाला. घरात सापडेल तो स्प्रे मोटरमध्ये मारू नका, ब्रश जिथं टेकतात त्या कम्युटेटरवर थर बसतो.

आता चिपच्या सेटिंगकडं. चांगल्या डिकोडरमध्ये बॅक ईएमएफ म्हणून सोय असते. डिकोडर क्षणभर मोटरचा सप्लाय थांबवतो, फिरती मोटर तेवढ्यात उलट थोडं व्होल्टेज तयार करते, ते मोजून खरा स्पीड किती आहे ते त्याला कळतं, कमी पडला तर जोर वाढवतो, जास्त झाला तर आवरतो. फार हुशार गोष्ट आहे, पण तपासणीच्या वेळी हीच आड येते. गिअर अडला की डिकोडर जोर लावणार, सुटला की जोर जास्तीचा झालेला असणार, म्हणजे एका ठेचेच्या दोन ठेचा, आणि कधी कधी उलटं, छोटा दोष दाबून टाकणार आणि आतल्या आत गिअर झिजत राहणार. म्हणून दोष शोधताना बॅक ईएमएफ बंद ठेवायचं, त्याच्या सेटिंगचा नंबर कंपनीगणिक वेगळा असतो, कागदात बघा. जुन्या मोटरवर रेडिओला खरखर येऊ नये म्हणून लावलेला कपॅसिटर तसाच राहिला असेल तर या मोजमापात गडबड होते, बऱ्याच वेळा तो काढावा लागतो. आणि तीन पोलच्या मोटरमध्ये निओडिमियम मॅग्नेट घातलंय त्यांनी हे धरून चालावं की ताकद वाढेल, करंट कमी लागेल, टॉप स्पीड उतरेल, पण अगदी स्लोला मोटर पोलागणिक अडखळणार कारण ते मॅग्नेट प्रत्येक पोलला धरून ठेवतं. त्यावर मात्र बॅक ईएमएफ हाच इलाज. कोअरलेसला डिकोडरची जास्त फ्रीक्वेन्सी चालू पाहिजे, नाहीतर मोटर गुणगुणते आणि तापते.

हे सगळं झाल्यावर, म्हणजे साध्या डीसीवर इंजिन दोन्ही दिशांना एकसारखं जातंय याची खात्री झाल्यावर, सीव्ही (डिकोडरमधल्या सेटिंगचे नंबर) २ नं सुरुवातीचा जोर, ५ नं टॉप आणि ६ नं मधला लावायचा. अंदाजानं लावू नका, रुळावर एक मीटर मोजा आणि घड्याळ धरा. ताशी ६० किलोमीटर दाखवायचा असेल तर १:८७ ला तो मीटर सव्वापाच सेकंदांत संपला पाहिजे. आमच्यात बरीच मंडळी टेबलावर महालक्ष्मी विमानाच्या स्पीडनं पळवतात, त्यांना काय बोलायचं, नाद खुळा!

तुमच्या पानावर अजून एक वाक्य होतं की "कोल्हापुरात या छंदासाठी काहीच सोय नाही." दुकान नसेल, पार्ट बाहेरून मागवावे लागतात हे खरं, कस्टम आणि कुरिअर धरून किंमत कुठल्या कुठं जाते. पण रिपेअरीच्या बाबतीत आपल्यासारखं गाव शोधून सापडणार नाही. उद्यमनगरात लेथवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागात काम करणारी माणसं आहेत, गुजरीत आणि हुपरीत बारीक डाग देणारे असे कारागीर आहेत की तुमच्या चाकाला टेकणारी पितळी पट्टी डोळे झाकून जोडतील, फक्त गिअर प्लॅस्टिकचा आहे, त्याच्याजवळ ज्योत नको, हे आधी सांगायचं. मोटर रिवायंडिंगवाल्याला कम्युटेटर साफ करायला सांगा, तो हसेल पण करेल. आणि पोरांना चालती गाडी दाखवायची असेल तर पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे, १९९८ पासून, एचओ स्केलचंच, जाऊन बघा, एवढ्या गाड्या एकाच टेबलावर कशा न अडखळता फिरतात ते.

तर विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत त्याच जागी त्याच साइजची चौकट परत छापा आणि त्यात "झटके आले तर सेटिंग बदला" काढून "पट्टी लावून झटके किती अंतरावर येतात ते मोजा" असं टाका. डब्ल्यूडीएम-२ साठीचा आकडा वर दिलाच आहे. दुसरं इंजिन असेल तर मॉडेलच्याच चाकाचा व्यास कॅलिपरनं घेऊन ३.१४ नं गुणायचं, हे पण त्यातच घाला, शाळेतली पोरं करतील.

कळावे, लोभ असावा.

आपला एक वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर